उपासकाकूंची वाटी

माझ्यासारखी दिसणारी एक बाई संकष्टीच्या भर दुपारी सावजी मटणाचा रस्सा ओरपते आहे, हे दृश्य आमच्या देवळातल्या सगळ्या बायकांनी एकदमच पाहिलं. मीही तिथंच होते. हातात दूर्वांची जुडी होती आणि पोटात सकाळपासून तुळशीच्या पाण्याशिवाय काही नव्हतं. अरुंधतीवहिनींनी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला आणि अतिशय मायेनं विचारलं, "प्रेमलताबाई, ह्या तुम्हीच ना हो?"

अंबाडा माझा होता. नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा माझा होता. रस्सा तेवढा माझा नव्हता. "नाही हो, ही दुसरी," असं मी म्हटलं, पण माझा आवाज मुळातच इतका बारीक की आरतीच्या वेळी मी म्हणते आहे की नुसते ओठ हलवते आहे, याबद्दल आमच्या भजनी मंडळात आजही दोन मतं आहेत. त्यामुळे खुलासा कुणापर्यंत पोचला नाही. रस्सा पोचला.

आता मी मोबाइलमध्ये शिरले कशी, ते सांगायला हवं. आमची मुलगी नूपुर मिहानमधल्या एका कंपनीत संगणकावर काम करते आणि घरी आल्यावर विश्रांती म्हणून पुन्हा संगणकावरच काम करते. त्या विश्रांतीतून तिनं एक खेळ तयार केला. नाव ठेवलं 'उपासकाकू'. एक काकू संकष्टीला देवळातून निघते आणि चंद्रोदयापर्यंत उपास सांभाळून तिला घर गाठायचं असतं, एवढाच खेळ. पण रस्ता नागपूरचा. तर्री-पोह्याची गाडी आडवी येते, वरून भजी पडतात, आणि सगळ्यात अवघड म्हणजे दारोदार शेजारणी उभ्या राहून "घ्या ना थोडंसं, एवढ्यानं काही होत नाही," म्हणतात. काकूनं उडी मारून, वाकून, उजव्या हातातल्या पळीनं बाजूला सारून पुढं जायचं. कशाचाही धक्का लागला की घंटा वाजते आणि पडद्यावर येतं, 'उपास मोडला'.

काकू माझ्यावरून काढली, हे नूपुरनं मला विचारून केलं नाही. विचारलं असतं तर मी कंबर जरा कमी करायला सांगितली असती.

खेळ आधी आमच्या भजनी मंडळाच्या मोबाइलवर गेला आणि तक्रारींचा पाऊस पडला. एकादशीला भगर कशी खाल्ली, महाशिवरात्रीला चालते का, गाजर फराळाचं की बेफराळाचं, कोथिंबिरीचं काय करायचं. नूपुर रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून विचारायची, "आई, रताळ्याला गुण द्यायचे की कापायचे?" आणि मी शास्त्र बघून सांगायची. या सगळ्या वादात बायका तो खेळ रात्रंदिवस खेळत होत्या, ही गोष्ट नूपुरच्या लक्षात आली होती. ती हळूहळू नोकरी सोडून याचा दुसरा भाग, तिसरा भाग काढायची स्वप्नं बघू लागली.

तेवढ्यात संक्रांत आली. हळदीकुंकवाला वाण म्हणून मी स्टीलच्या वाट्या लुटायचं ठरवलं. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि हे, इतवारीत भांडी घ्यायला गेलो. भांड्यांवर नाव घालून देणारा कारागीर दुकानाच्या पायरीवरच मशीन घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, "बाई, देणाऱ्याचं नाव काय घालू?"

मी म्हटलं, "काही घालू नका."

माझा एक जुना नेम आहे. दिलेल्या वस्तूवर आपलं नाव घालायचं नाही. देणं देवाचं, आपण मधले. हा नेम मी कारागिराला समजावून सांगितला. त्याला ऐकू आला नाही. यांनी मोठ्यानं सांगितला. तेव्हा तो दुःखी झाला आणि म्हणाला, "मग लग्नाघरी भांडं हरवलं तं ओळखसान कसं?" त्याच्या धंद्याचा प्रश्न होता. शेवटी यांनी तोडगा काढला. "खेळाचं नाव घाल गड्या, आणि खाली मकरसंक्रांत, २०२३. पोरीची जाहिरात होईल." कारागीर इतका खूश झाला की यांच्या मोबाइलवरचं काकूचं चित्रसुद्धा त्यानं हौसेनं प्रत्येक वाटीवर कोरून दिलं. फक्त ते आरशातल्यासारखं उलटं कोरलं. घरी आल्यावर बघते तर पळी काकूच्या डाव्या हातात. देवाची पळी डाव्या हातात बघून मला रात्रभर रुखरुख लागली. पण वाट्या कोरून झाल्या होत्या आणि हे म्हणाले, "ती काकू आहे, पुरोहित नाही."

वाट्या सगळ्यांना आवडल्या. का आवडल्या, ते मला फार उशिरा कळलं.

आता खेळ मोबाइलच्या दुकानात ठेवायचा होता, म्हणजे जगात कुणालाही घेता आला असता. नूपुर दुसऱ्याच दिवशी ठेवणार होती. मी आडवी आले. म्हटलं, चांगल्या कामाला चांगला दिवस बघ, अक्षय्य तृतीयेला ठेव, म्हणजे अक्षय राहील. नूपुरनं हात जोडून सांगितलं की आई, इंटरनेटला मुहूर्त नसतो. मी नुसतं देवाकडे बघितलं. मी देवाकडे बघितलं की आमच्या घरात माझंच ऐकतात. खेळ अक्षय्य तृतीयेला दुकानात गेला.

त्याच्या आधी, होळीलाच, बुटीबोरीच्या विक्रम नावाच्या एका मुलानं 'उपासकाकू' नावाचा खेळ त्याच दुकानात ठेवून दिला होता. त्याच्या खेळातली काकू उपास मोडते. लपूनछपून जितकं जास्त खाईल तितके जास्त गुण. सावजी रश्शाला सगळ्यात जास्त. नाव टाकलं की आधी ती वर यायची, मग खाली कुठेतरी मी. सगळं माझंच, फक्त तिची पळी डाव्या हातात होती. संकष्टीला देवळात बायकांनी पाहिली ती हीच.

त्या दिवशी चंद्रोदयाला मी नैवेद्य दाखवला आणि जेवायला बसले, तर घास उतरेना. वर्षानुवर्षं निर्जळी केलेली बाई मी. सोमवारी सूर्योदयापासून दिवा लागेपर्यंत मौन, मंगळवारी एकभुक्त, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. आणि आता नागपुरातली शाळकरी पोरं बसमध्ये बसून मला मटण खाऊ घालत होती. नूपुरचं वेगळंच. ती म्हणाली, "आई, दुसरा भाग काढायचा तर काढू कोणाच्या नावानं? नावच गेलं."

घरात सल्लागारांची बैठक बसली. हे म्हणाले, कॉपीराइट करून टाकू. शेजारचे वामनराव निवृत्त झाल्यापासून सर्वच विषयांतले तज्ज्ञ आहेत. ते म्हणाले, "पेटंट घ्या. एकदा पेटंट घेतलं की जगात दुसऱ्या कोणालाही काकू काढता येणार नाही."

"कोणालाच?" यांनी जरा आशेनं विचारलं. यांना चार काकू आहेत.

शेवटी दोन घरं सोडून राहणाऱ्या देवरावांची दीप्ती आली. ती याच कामाची वकील. तिनं यांचा कॉपीराइट आणि वामनरावांचं पेटंट दोन्ही शांतपणे बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "काकू, उडी मारायची, वाकायचं, पळायचं, हे उद्या कोणीही करेल. त्याला अडवता येत नाही. पण लोक काय शोधत येतात? उपासकाकू. पहिला भाग आवडला तर दुसरा त्याच नावावर घेतील. पुढं बाहुली निघाली, डबा निघाला, तरी त्याच नावावर. खेळ जुना होतो, नाव जुनं होत नाही. ते नाव आणि तो चेहरा आपला म्हणून नोंदवायचा. त्याला ट्रेडमार्क म्हणतात."

"म्हणजे भांड्यावर नाव घालणं," मी म्हटलं.

दीप्ती म्हणाली, "अगदी तेच. आणि तुम्ही नेमकं तेच करत नाही."

नूपुरच्या नोकरीत बाहेरचा धंदा करायची मनाई, म्हणून अर्ज माझ्या नावानं गेला. व्यवसाय, गृहिणी. काय विकता, तर मोबाइलमधला खेळ. या मालाचा सरकारी वर्ग नववा. दीप्तीनं सांगितलं की त्या वर्गात माझ्याबरोबर चष्मे, कॅलक्युलेटर आणि आग विझवायची यंत्रंसुद्धा आहेत. म्हणजे नातवंडं व्हायच्या वयात मला पुन्हा नववीत बसवलं आणि बाकावर शेजारी आग विझवायचं यंत्र.

काही महिन्यांनी परीक्षकांचा अहवाल आला. हरकत होती. त्यांचं म्हणणं, उपास करणारी काकू ही सर्वसामान्य गोष्ट आहे, या नावात काही वैशिष्ट्य दिसत नाही. मी तो अहवाल देवासमोर ठेवला. जन्मभर कडक उपास केले आणि शेवटी सरकारनं लेखी कळवलं की बाई, तुमच्यात काही विशेष नाही. हे म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस, त्यांनी तुला पाहिलेलं नाही." दीप्तीनं उत्तर पाठवलं की उपास करणाऱ्या काकू घरोघर आहेत हे मान्य, पण त्या पळत नाहीत आणि हे दोन शब्द जोडून खेळाला कोणी नाव दिलेलं नव्हतं. ते पटलं. आमचं नाव, कुणाची हरकत असेल तर त्यानं कळवावं म्हणून, सरकारी जर्नलमध्ये छापून आलं. मी त्या पानावर हळदकुंकू वाहिलं. संगणकाच्या पडद्यावर, कारण जर्नल तिथंच होतं.

मग विक्रमचा विरोध आला. त्याचं म्हणणं साधं होतं. मी होळीपासून हे नाव वापरतो, या बाई अक्षय्य तृतीयेपासून. आधी कोण?

"आधी आपणच," नूपुर म्हणाली. "संक्रांतीला सगळ्यांच्या मोबाइलवर होता."

"पुरावा?" दीप्ती म्हणाली.

भजनी मंडळाच्या गटावर खेळ पाठवला होता खरा, पण तिथं शुभ सकाळच्या फुलांनी मोबाइल भरून जायला लागले तेव्हा संदेश आपोआप पुसले जायची सोय लावलेली होती. ती मीच लावली होती. नूपुरच्या लॅपटॉपमध्ये सगळ्या तारखा होत्या. त्या लॅपटॉपची खंडेनवमीला मी यथासांग पूजा केली होती. शस्त्राची पूजा करतात, तर पोरीचं शस्त्र तेच. पूजा चांगली झाली. पंचामृत जरा आत गेलं. तेव्हापासून त्यानं डोळे उघडलेले नाहीत.

"काकू, तारीख असलेली एखादी वस्तू नाही का?" दीप्तीनं विचारलं. आणि आम्हाला सगळ्यांना एकदमच वाटी आठवली. नाव, चित्र आणि तारीख, सगळं स्टीलवर कोरलेलं. माझ्याकडे एकही उरलेली नव्हती, पण आमच्या सक्करदऱ्यात घरोघर होती. नुसतं जाऊन फोटो काढायचे.

मी आधी अरुंधतीवहिनींकडे गेले. "तुमची वाटी जरा बघायची होती," म्हटलं. त्यांचा चेहरा बदलला. "माळ्यावर आहे हो. मुद्दाम जपून ठेवली आहे." मी म्हटलं, यांना चढवते माळ्यावर. त्या म्हणाल्या, माळ्यावर पाल आहे. दुसऱ्या घरी वाटी पाहुण्यांकडे गेली होती, तिसऱ्या घरी ती इतकी आवडती होती की बँकेच्या लॉकरमध्ये होती. चौथ्या घरातल्या सूनबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. त्या सरळ म्हणाल्या, "काकू, त्याच्यावर देणाऱ्याचं नावच नव्हतं ना. म्हणून आम्ही पुढं देऊन टाकली."

तेव्हा मला कळलं, वाट्या सगळ्यांना इतक्या का आवडल्या. वाणाची भांडी पुढं सरकवायची सोय प्रत्येक बाईला हवी असते, पण त्यावर सौभाग्यवती अमुक यांजकडून सप्रेम भेट असं कोरलेलं असलं की हात बांधले जातात. माझ्या वाटीवर कोणाचंच नाव नाही. अख्ख्या नागपुरात इतकी निर्धास्त पुढं देता येण्यासारखी दुसरी वाटी नव्हती. माझ्या नेमामुळे ती मोकळी सुटली होती. अरुंधतीवहिनींनी ती इतवारीतल्या नणंदेला दिली, नणंदेनं भिशीत दिली, भिशीतून ती मानेवाड्याला गेली, आणि तिथल्या बाई म्हणाल्या, कुणाला तरी दिली बाई, आता आठवत नाही.

इकडे मी दारोदार वाट्या विचारते आहे, ही बातमी माझ्याआधी फिरत होती. दीप्ती अशिलांच्या गोष्टी घरी बोलत नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी देवराव आले आणि खुर्चीत न बसता उभ्यानंच म्हणाले, "वहिनी, अडचण आली असन तं सांगा ना. आपण इतक्या वर्षांचे शेजारी आहो. देल्लेलं वाण काहून वापस मागून रायल्या?" मी समजावून सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी संध्याकाळी तुरीची डाळ पाठवली. दुसऱ्या दिवशी वामनरावांकडून गहू आले. देवळातल्या पुजाऱ्यांनी प्रसादाचा नारळ मला दोनदा दिला. वाण परत मागणारी बाई, यापेक्षा रस्सा ओरपणारी बाई बरी, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

पुढच्या संक्रांतीला मी एका नव्या ओळखीच्या बाईंकडे हळदीकुंकवाला गेले. त्यांनी ओटी भरली, तिळगूळ दिला आणि वाण हातात ठेवलं. स्टीलची वाटी. फिरवून बघितली. उपासकाकू, मकरसंक्रांत, २०२३. पळी डाव्या हातात. माझी वाटी नागपूर फिरून मला वाण म्हणून मिळाली होती. त्या बाई हसून म्हणाल्या, "मुद्दाम तुमच्यासाठी आणली हो." मी म्हटलं, खूप छान आहे.

दीप्तीला वाटी दिली तेव्हा ती नाचायचीच बाकी होती. पण तिच्या समोरच्या वकिलांनी लेखी उत्तर दिलं की अशी वाटी इतवारीत आजही कोणीही चहा पिता पिता कोरून घेऊ शकतं, हवी ती तारीख घालून. स्वतःच्या घरात स्वतःची वाटी, हा काय पुरावा? उलट वाटीवरची डाव्या हातातली पळीसुद्धा विक्रमच्याच खेळावरून उचलली आहे, असंही लिहिलं होतं. मी दीप्तीला विचारलं, "मी वाट्या खोट्या कोरीन?" ती म्हणाली, "मला माहीत आहे काकू. निकाल देणाऱ्या साहेबांना माहीत नाही."

सुनावणीची तारीख लागली. सोमवार. दीप्तीनं बदलून मागितली, मिळाली नाही. "काही हरकत नाही," ती म्हणाली, "वकील बोलतो, तुम्ही नुसत्या बसा. उलट बरंच आहे." तिचं हे शेवटचं वाक्य मी मनावर घेतलं नाही.

सुनावणी मोबाइलवर नाही तर संगणकावर होती, आमच्याच जेवणाच्या टेबलापाशी. मी सकाळी रुद्र म्हटला, तोही मनात. टेबलावर त्याच वाटीत सुपारीचा गणपती बसवला. एका बाजूला दीप्ती, एका बाजूला नूपुर, मध्ये मी, आणि हे चौकटीच्या बाहेर पाण्याचा तांब्या घेऊन. पडद्यावर एका चौकोनात अधिकारी साहेब, एकात समोरचे वकील, आणि एकात विक्रम. विक्रमला मी प्रथमच पाहत होते. कोवळ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, मागं फ्रिज. माझ्या काकूला मटण खाऊ घालणारा मुलगा असा दिसेल, असं वाटलं नव्हतं. घरात बहुधा स्वयंपाकघरातच नेटवर्क येत असावं.

वकील बोलत होते. होळी, दुकानात ठेवल्याची नोंद, आमच्याकडे कागदाचा कपटा नाही, आहे ती एक वाटी, आणि ती केव्हा कोरली देव जाणे. साहेब मान डोलवत होते. ती मान चुकीच्या दिशेनं डोलत होती. दीप्तीचा पाय टेबलाखाली हलायला लागला. नूपुरनं माझा हात धरला.

आणि तेव्हा विक्रमच्या मागून एक बाई चौकटीत आल्या. डोक्यावर पदर, एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा. पोराचं मोठं काम आहे, म्हणून आईनं दहीसाखर आणली होती. विक्रम नको नको म्हणत मान मागं नेत होता, त्या पुढं नेत होत्या. "घे गा, कामाच्या वेळेले तोंड कोरडं नसावं," असं ऐकू आलं. साहेबांनी सभ्यपणे कागदात डोकं घातलं. चमचा तोंडात गेला. मी त्यांच्या हातातल्या वाटीकडे बघितलं.

तिच्यावर एक काकू पळत होती. पळी डाव्या हातात.

माझ्या आयुष्यात मौन एवढं जड कधीच गेलं नाही. मी नूपुरला कोपरानं ढोसलं. तिला वाटलं मला चक्कर येते आहे. ती यांना म्हणाली, पाणी. यांनी तांब्या पुढं केला. मी तांब्या बाजूला सारला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. दीप्ती कुजबुजली, "काकू, कॅमेरा चालू आहे, बोट नका दाखवू." मी दोन बोटं दाखवली, वाट्या दोन म्हणून. यांनी चक्करेवर उपाय म्हणून मला साखरेची पुडी दिली. तिकडे विक्रमच्या आई वाटी पुसून घ्यायला लागल्या होत्या, आता त्या निघून जाणार.

मी गणपतीला मनात नमस्कार केला, सुपारी अलगद ताटलीत ठेवली आणि वाटी उचलून कॅमेऱ्यापुढे धरली. दुसऱ्या हातानं विक्रमच्या चौकोनाकडे दाखवलं. पुन्हा वाटी. पुन्हा चौकोन.

साहेब म्हणाले, "या बाईंना काही सांगायचं आहे का?"

"सर, त्यांचं आज मौन आहे," दीप्ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिनं माझ्या बोटाच्या रेषेत पडद्याकडे बघितलं. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "सर, माझी एक विनंती आहे. विरोधी पक्षाच्या मातोश्रींनी हातातली वाटी जरा कॅमेऱ्यासमोर धरावी."

समोरचे वकील काही म्हणणार, त्याआधी विक्रमच्या आई आनंदानं पुढं आल्या. सरकारी साहेबानं आपल्याला काही करायला सांगितलं, याचा त्यांना मान वाटला होता. त्यांनी वाटी उजेडात धरली आणि चष्मा नसल्यानं लांब करून मोठ्यानं वाचली, "उपासकाकू. मकरसंक्रांत, दोन हजार तेवीस."

विक्रमनं डोळे मिटले. त्याच्या मिशीला दही होतं.

"ही वाटी तुमच्याकडे कधी आली?" साहेबांनी विचारलं.

"मले जावेनं देल्ली ना साहेब, त्याच वर्षीच्या रथसप्तमीले. लय चांगली आहे. म्याच तं विक्रमले दाखवली व्हती. म्हटलं, पाय बापा, वाटीवर काकू पळून रायली. तं हा म्हने, आई, नाव भारी आहे." त्या माझ्याकडे बघून हसल्या. "अवं, तुमच्यापाशी बी हेच आहे का? कोणं देल्ली तुम्हाले?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. मौन होतं.

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग विचारलं, "पळी दोन्ही वाट्यांवर डाव्या हातात आहे, तुमच्या खेळात उजव्या. हे कसं?" दीप्तीनं कारागिराची चूक सांगितली. साहेबांनी समोरच्या वकिलांना विचारलं, "आणि तुमच्या खेळात?" त्या वकिलांनी विक्रमकडे बघितलं. विक्रम रुमालानं मिशीवरचं दही पुसू लागला.

निकाल लागायला जसा वेळ लागतो तसा लागला, पण लागला आमच्या मनासारखा. 'उपासकाकू' हे नाव आणि तिचा चेहरा आता माझ्या नावे नोंदलेला आहे. विक्रमनं आपला खेळ काढून घेतला. देवळात मी पुन्हा पहिल्या रांगेत बसते. नूपुरनं नोकरीचा राजीनामा दिला आहे आणि दुसऱ्या भागात काकू चातुर्मास पाळते. खाणाखुणांनी मौन मोडतं का, यावर मात्र देवळात अजून वाद चालू आहे. वामनरावांच्या मते मोडतं. मी पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "बघतो शास्त्रात," आणि खाली बघून उडी मारत राहिले. त्यांच्या मोबाइलमधून घंटा वाजली. उपास त्यांचा मोडला.

निकालानंतर एक दिवस विक्रमच्या आईंचा फोन आला. त्यांचं नाव हिमानीबाई. आधी पोराच्या वतीनं खूप वेळ वाईट वाटून झालं. मग त्या म्हणाल्या, "बाई, तुमची वाटी वापस पाठवू का?" मी म्हटलं, वाण परत घेत नाहीत. त्यांना ऐकू आलं नाही. मी दुसऱ्यांदा, जन्मात पहिल्यांदा, जरा मोठ्यानं म्हटलं. हे बाहेरच्या खोलीतून धावत आले, काय झालं म्हणून.

परवाच्या संक्रांतीला पुन्हा वाट्या लुटल्या. इतवारीतला तोच कारागीर. त्याला काकू नीट बघून कोरायला सांगितली, पळी उजव्या हातात. नावाच्या शेजारी दीप्तीनं एक बारीक गोल घालायला सांगितला, त्यात इंग्रजी अक्षर. नोंद झालेल्या नावाला तो लावायचा हक्क असतो म्हणे. कारागीर म्हणाला, "हे काय आहे बाई?" हे म्हणाले, "नावाला कुंकू लावलं आहे." त्याला ते लगेच पटलं. मग त्यानं नेहमीचं विचारलं, "देणाऱ्याचं नाव घालू ना आता?"

मी मान हलवली. नेम तो नेम.

हळदीकुंकवाला पहिल्या अरुंधतीवहिनी आल्या. मी ओटी भरली, हातात वाटी ठेवली. त्यांनी ती कौतुकानं फिरवली, वरून बघितली, तळाशी बघितली, कड नीट न्याहाळली. कुठेच माझं नाव नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर एक खोल समाधान पसरलं आणि त्यांनी वाटी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, अगदी तळाशी, जशी आपण ओरखडा पडू द्यायचा नाही अशी वस्तू ठेवतो.

मी तिळगूळ पुढं केला आणि काही बोलले नाही. त्या दिवशी सोमवार नव्हता.